डिसेंबरची सहल: मोंबासा रस्ता, राबाई आणि नाशिकहून आलेली माणसं

प्रेषक: कार्यवाह, नैरोबी
विषय: डिसेंबरची सहल

केनियातल्या आपल्या मराठी मंडळातल्या सर्वांना नमस्कार.

शाळांना मोठी सुट्टी लागली आहे. नाकुरू आणि नैवाशा बहुतेकांचं पाहून झालंय. या वेळी किनाऱ्याकडे जावं, असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. माचाकोसच्या ताई आणि पाळकसाहेब गेल्या वर्षी स्वतःची गाडी घेऊन मोंबासाला जाऊन आले होते. ताई, रस्ता कसा आहे, कुठे थांबावं, काय पाहावं, हे सवडीने लिहाल का?

---

प्रेषक: र. गा., माचाकोस
विषय: उत्तर: डिसेंबरची सहल

सप्रेम नमस्कार.

इथे उन्हाळ्याची सुट्टी नाताळात येते आणि पाळकाला नाताळात सुट्टी नसते. त्यामुळे ख्रिस्तजयंतीची उपासना आटोपली, दवाखान्याच्या किल्ल्या दुसऱ्या नर्सबाईंच्या हाती दिल्या आणि दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. एका परीने बरंच झालं. किनाऱ्याला जाणारी गर्दी नाताळाआधीच उतरून गेलेली असते. त्या आठवड्यात रेल्वेची तिकिटं मात्र मिळत नाहीत, हे लक्षात असू द्या.

आधी रस्त्याचं सांगते. नैरोबीहून मोंबासा साधारण ४८० किलोमीटर. एका दिवसात जाता येतं, पण मुलंबाळं बरोबर असतील तर वोईला मुक्काम करा. युगांडा-रवांडापर्यंतचा माल मोंबासा बंदरातून याच रस्त्याने जातो. ट्रकांची रांग संपता संपत नाही आणि बराचसा रस्ता दुपदरी आहे. हे गाडी चालवत होते आणि मी शेजारी बसून समोरचा रस्ता बघत होते. अंधार पडल्यावर या रस्त्यावर गाडी नेऊ नका, हे हात जोडून सांगते. बिनदिव्याचे बंद पडलेले ट्रक कडेला उभे असतात आणि त्सावोच्या पट्ट्यात जनावरं आडवी येतात.

किब्वेझी मागे पडलं की गोरखचिंचा दिसायला लागतात. म्तितो अंदेई हे अर्ध्या वाटेवरचं गाव. तिथे दुधात उकळलेला चहा घेऊन आणि गरम मंडाझी (तळलेल्या गोडसर पुऱ्या) खाऊन पाय मोकळे करावेत. पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्सावो अभयारण्य आहे. तिथली माती तांबडी आणि हत्ती ती अंगावर उडवून घेतात, त्यामुळे ते विटकरी दिसतात. नव्या रेल्वेच्या भरावाखाली जनावरांसाठी वाटा ठेवल्या आहेत. अशाच एका वाटेतून कळप येताना आम्ही पाहिला. पिल्लू सावलीत थांबून राहिलं, तेव्हा मागच्या हत्तिणीने त्याला सोंडेने हलकेच पुढे सारलं. हे एवढे भरभर बोलणारे, पण गाडीचं इंजिन बंद करून कितीतरी वेळ गप्प बसून होते.

वोईकडची घायपाताची रानं, मॅकिनन रोडची मशीद (ट्रकवाले तिथे आवर्जून थांबतात) हे सगळं वाटेतच लागतं. मात्र माझेरास आलं की सरळ मोंबासाला जाऊ नका. डावीकडे राबाईला वळा. मला खरं तर याच गावाबद्दल लिहायचं आहे.

राबाई टेकडीवर आहे, भोवती नारळ आणि काजू. १८४६ मध्ये योहान क्राप्फ आणि योहानेस रेबमान या दोघा जर्मन मिशनऱ्यांनी इथे ठाणं उघडलं. त्यांचं घर, जुनं चर्च आणि क्राप्फच्या नावाचं छोटं संग्रहालय आजही पाहता येतं. १८४८ मध्ये किलिमांजारोवरचा बर्फ पाहून रेबमानने युरोपला कळवलं, तेव्हा विषुववृत्तावर बर्फ असेल यावर तिकडच्या कित्येक पंडितांचा विश्वास बसला नाही. हे सगळं शाळेच्या पुस्तकात असतं. माझं मन अडकलं ते त्यांच्या बायकांपाशी. रोझीना क्राप्फ १८४४ साली मोंबासाला आली आणि त्याच वर्षी बाळंतपणानंतर तापाने गेली, पाठोपाठ तिचं तान्हं बाळही. एमा रेबमानने राबाईत वर्षानुवर्षं संसार केला आणि १८६६ मध्ये तिथेच देह ठेवला. आम्हीही नवराबायको सेवेसाठीच परदेशी आलो आहोत, पण आम्हाला मलेरियावर गोळी मिळते, दरवर्षी रजा मिळते आणि आई आजारी पडली तर दुसऱ्या दिवशी मुंबईचं विमान मिळतं. त्या ओसरीवर उभं राहिल्यावर माझ्या मनात दुसरा विचार येईना.

आणि आता नाशिक. माझं माहेर नाशिकचं. शरणपूर रोडवरून तुमच्यापैकी कितीजण हजारदा गेले असतील! ते शरणपूर म्हणजे मिशनने वसवलेलं गाव. गुलामांच्या अरबी गलबतांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवत आणि त्यातली पुष्कळशी शरणपूरला धाडत. तिथे त्यांना लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. त्याच शाळेतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर १८६४ मध्ये राबाईत रेबमानच्या मदतीला आले. रेल्वेच्या कामाला आपल्याकडची माणसं इथे आली ती १८९६ पासून. म्हणजे त्याच्या तीसेक वर्षं आधी नाशकात वाढलेली माणसं या टेकडीवर शाळा चालवत होती.

मोंबासात फोर्ट जीझस हा पोर्तुगीजांचा जुना किल्ला सगळेच पाहतात. न्यालीचा पूल ओलांडून फ्रियरटाउनची घंटाही पाहा. ऐन चौकात, मटाटूंच्या (इथल्या छोट्या प्रवासी बसगाड्यांच्या) गोंगाटात आहे. गुलामांची गलबतं दिसली की लोकांना सावध करायला ती वाजवत, असं सांगतात. ही वसाहत १८७५ च्या सुमारास उभी केली विल्यम प्राइस यांनी, म्हणजे शरणपूर चालवणाऱ्यांनीच. तिला नाव दिलं ते बार्टल फ्रियर यांचं. ते आधी मुंबईचे गव्हर्नर होते आणि त्याआधी साताऱ्याला रेसिडेंट. शंभराहून अधिक माणसं नाशिक-मुंबईहून इथे येऊन राहिली.

न्याहारीला महामरी (नारळाच्या दुधातल्या तळलेल्या पुऱ्या) आणि मबाझी खा. मबाझी म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे. शाकाहारी मंडळींची तिथे आबाळ होणार नाही.

आपली,
र. गा.

---

प्रेषक: वि. कु., किसुमू
विषय: उत्तर: डिसेंबरची सहल

ताई, पत्र फार आवडलं. त्सावोबद्दल मुलांना वाचून दाखवलं.

एक शंका मात्र मनात आली, ती स्पष्टच लिहितो. जोन्स, सेमलर ही माणसं आफ्रिकी. मुलांना पळवून विकलं, मग सोडवलं, पण घरी न पाठवता परमुलखात नेलं आणि नावं व धर्म दोन्ही बदलले. पुढे ती आपल्याच मुलखात परतली. त्यांना ‘नाशिकची माणसं’ म्हणून मंडळाच्या सहलीत मिरवणं योग्य आहे का? त्यांच्या इतिहासावर आपण हक्क सांगू नये, असं मला वाटतं. शिवाय मंडळात सर्व धर्मांचे लोक आहेत. सहल मिशनच्या ठिकाणांची नको, सगळ्यांची असावी.

रागावू नये.

---

प्रेषक: र. गा., माचाकोस
विषय: उत्तर: उत्तर: डिसेंबरची सहल

दादा, राग कसला? तुम्ही विचारलंत त्याबद्दल आम्ही दोघं परतीच्या वाटेवर पुष्कळ बोललो.

त्यांच्यावर हक्क सांगायचा नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. त्या मुलांना कुणी काही विचारलं नव्हतं, हेही खरं. मोठेपणी मिशनमध्येसुद्धा गोऱ्यांच्या तुलनेत त्यांना पगार कमी आणि मान कमी. त्याबद्दल त्यांनी तक्रारी केल्या, भांडले. मी मिशनची माणूस असले तरी हे झाकून ठेवणार नाही.

पण त्यांनी पुढे केलं काय, ते पाहा. बिशप हॅनिंग्टन १८८५ मध्ये युगांडाकडे निघाले, तेव्हा जोन्स बरोबर होते. नुकतीच त्यांना धर्मसेवकपदाची दीक्षा मिळाली होती. बिशप त्यांना व बहुतेक हमालांना मागे ठेवून थोड्या माणसांनिशी पुढे गेले आणि मारले गेले. उरलेल्या सगळ्यांना घेऊन जोन्स शेकडो मैल चालत फेब्रुवारी १८८६ मध्ये राबाईला परतले. तांड्यापुढे निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं ‘ईखाबोद’. बायबलातल्या शमुवेलाच्या पुस्तकात हे नाव येतं, अर्थ: वैभव गेलं.

त्यानंतरची गोष्ट मला याहून मोठी वाटते. किनाऱ्यावरच्या मालकांकडून पळून आलेले गुलाम राबाईत आसरा घेत होते. त्यांना परत द्या म्हणून मालक हटून बसले. जोन्सनी त्यांना ठेवून घेतलं. शेवटी किनाऱ्यावर कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीने मालकांना पैसे मोजले आणि १८८९ च्या पहिल्या दिवशी १,४०० वर लोकांना मुक्ततेचे कागद मिळाले. लहानपणी स्वतः विकला गेलेला माणूस इथे दुसऱ्यांच्या पाठीशी उभा राहिला. यात मिरवायचं काही नाही, हे तुमचं बरोबर. पण मुलांना सांगायचं भरपूर आहे.

आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टन, त्याचं नाव मुलांना ठाऊक असतं. १८७३ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या दफनाची प्रार्थना म्हणणारा आणि झाडाच्या खोडावर त्याचं नाव कोरणारा जेकब वेनराइट शरणपूरच्याच शाळेतला. लिव्हिंगस्टनचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांचे पुढारी सूसी आणि चूमा. त्यातला चूमा मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकलेला. हे नाशिककराला माहीत नसावं, याचं मला वाईट वाटतं, कारण आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर हे घडलं आणि मला ते मोंबासाला आल्यावर कळलं.

सगळ्यांची सहल हवी, तर राबाईच्या आसपासच्या काया पाहू. मिजिकेंडा लोकांच्या या देवराया २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. आत जायचं तर गावच्या वडीलधाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि तिथली काडीही उचलायची नाही. कोकणातल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

---

प्रेषक: वि. कु., किसुमू
विषय: उत्तर: उत्तर: डिसेंबरची सहल

जोन्स यांच्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. आम्ही चौघे येतो. राबाईत स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि ही गोष्ट त्याच्या तोंडून ऐकावी, एवढंच माझं म्हणणं.

---

प्रेषक: कार्यवाह, नैरोबी
विषय: सहल ठरली

दादांची सूचना मान्य. वाटाड्या राबाईचाच घेऊ. ताईंसाठी २६ डिसेंबरच्या पहाटे निघायचं. पहिला मुक्काम वोई, दुसऱ्या दिवशी दुपारी राबाई, संध्याकाळी मोंबासा. बसचालक दोन असतील आणि अंधार पडायच्या आत गाड्या मुक्कामी पोचतील. कायांच्या परवानगीसाठी संग्रहालयातल्या लोकांशी बोलतो. नावं या आठवड्यात कळवा, मुलांची वयंही लिहा.