पंचगंगेची पातळी आणि हवामानबदलाचा धडा

प्रश्न (शिक्षिका, कोल्हापूर): 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या मुलांना हवामानबदल पाठ्यपुस्तकापलीकडे कसा शिकवावा?

उत्तर 1: पंचगंगा नदीवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पावसाळाभर रोज नोंदवायला सांगा. 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी इथे घरोघरी पाठ असली, तरी राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यावर पाणी शहरात कधी आणि किती चढते, हे स्वतः आलेख काढल्याशिवाय उमगत नाही. (आकडे मोबाइलवरूनच घ्यावेत, मुलांना नदीवर पाठवू नये.)

उत्तर 2: सहमत, मात्र एका पुरावरून हवामानबदल सिद्ध होत नाही. हवा 1 अंश सेल्सिअसने तापली की सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरू शकते आणि म्हणून मुसळधार पावसाची शक्यता वाढते, हे आधी समजवावे. पूररेषेतील बांधकामे हा वेगळा, आपल्याच हातचा मुद्दा आहे.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. जूनपासून नोंदवही सुरू करते.