सीनियर, लीड, स्टाफ, प्रिन्सिपल: पदनामावरून नेमकं काय कळतं?

सेमीकोलन: अनुभव पाच वर्षांचा. एक ऑफर मोठ्या कंपनीत नुसत्या ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर’ची, दुसरी पंधरा जणांच्या स्टार्टअपमध्ये ‘टेक लीड’ची. तुलना कशी करायची? आणि ‘स्टाफ’ मोठा की ‘प्रिन्सिपल’?

स्टॅकट्रेस: पदनाम बाजूला ठेवा, लेव्हल म्हणजे कंपनीच्या आतली श्रेणी विचारा. मोठ्या कंपन्यांत पगाराचा पट्टा, शेअर्स आणि बढती लेव्हलवर ठरते. पण लेव्हलचे आकडेही दोन कंपन्यांत जुळत नाहीत. गूगलमध्ये फ्रेशर एल३ला (लेव्हल ३) लागतो आणि एल५ म्हणजे सीनियर. अ‍ॅमेझॉनमध्ये फ्रेशरच एल४ला येतो, त्यामुळे तिथला एल५ हा एसडीई-२ (सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट इंजिनिअरची दुसरी पायरी), सीनियर एल६ला.

स्टाफ आणि प्रिन्सिपल दोन्ही असतील तिथे बहुधा प्रिन्सिपल वर असतो. गूगलमध्ये एल६ स्टाफ, एल७ सीनियर स्टाफ, एल८ प्रिन्सिपल. अ‍ॅमेझॉनमध्ये स्टाफ ही पायरीच नाही, सीनियरनंतर थेट प्रिन्सिपल. मायक्रोसॉफ्टमध्ये सीनियर लेव्हल ६३-६४ला आणि प्रिन्सिपल ६५पासून. म्हणजे तिथला नवा प्रिन्सिपल आणि गूगलचा प्रिन्सिपल यांना एकाच मापाने मोजणं चुकीचं ठरेल.

मर्जकॉन्फ्लिक्ट: ‘टेक लीड’ ही बऱ्याच ठिकाणी लेव्हल नसून जबाबदारी असते. प्रोजेक्ट संपला की तीही संपते, पगार तोच. म्हणून स्टार्टअपला थेट विचारा: डिझाइनवर शेवटचा शब्द कोणाचा? टीममध्ये आज किती जण आहेत? त्यांचं अप्रेझल मी लिहिणार का? प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम, पडलं तर रात्री फोन कोणाला? माझ्या वर तांत्रिक माणूस कोण? शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. वर कोणीच नसेल तर तुमच्या डिझाइनमधली चूक दाखवणारंही कोणी नाही, आणि पाचव्या वर्षी ते महागात पडतं.

लहान कंपनीला पदनाम द्यायला खर्च येत नाही, म्हणून ती सढळ हाताने देते. पुढे मोठ्या कंपनीत जाताना लेव्हल ठरते ती मुलाखतीतल्या सिस्टिम डिझाइनच्या फेरीवर आणि कामाच्या आवाक्यावर. तिथे ‘लीड’चा ‘एसडीई-२’ सहज होतो. लेव्हलवर घासाघीस करायची तर सही करण्याआधीच. रुजू झाल्यावर पुढच्या रिव्ह्यूपर्यंत थांबावं लागतं, आणि तेव्हाही बढतीची खात्री नसते.

सेमीकोलन: मग रेझ्युमेवर पदनाम बदलून लिहिलं तर चालेल का?

नलपॉइंटर: अजिबात नको. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये ते रिलीव्हिंग लेटरशी ताडून पाहतात. तफावत निघाली तर हातातली ऑफर जाऊ शकते. पदनाम आहे तसंच लिहा आणि खालच्या ओळीत आवाका द्या: किती सर्व्हिसेस सांभाळल्या, सेकंदाला किती रिक्वेस्ट, किती टीम्सशी समन्वय, कोणता निर्णय तुमचा होता. मुलाखत घेणारा तेच वाचतो.

कॅनडात जायचा विचार असेल तर आणखी एक. तिथे ‘इंजिनिअर’ हे पदनाम प्रांतांच्या कायद्याने राखलेलं आहे आणि परवान्याशिवाय ते लावण्यावर वाद झालेले आहेत. अल्बर्टाने २०२३मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरना सूट दिली, पण बाकीच्या प्रांतांत ती आपोआप लागू होत नाही. शंका असेल तर तिथल्या प्रोफाइलवर ‘डेव्हलपर’ लिहा.