रोज खिशात असतो तो चाकू कोणता?

पागोळी (चिपळूण)

नमस्कार मंडळी. रोज खिशात कोणता घडीचा चाकू बाळगता आणि त्याने नेमकं काय कापता? काचेच्या कपाटात मांडलेले नकोत. ज्यांनी पँटच्या खिशाला भोक पाडलंय, असे सांगा.

माझा ओपिनेल आठ नंबर, कार्बन स्टीलचा. मामेभावाने फ्रान्सहून आणून दिला. १८९० पासून साव्हॉयच्या डोंगरात हे चाकू बनतात. बीचच्या लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं आणि सांध्यावर एक फिरतं कडं. पातं उघडून कडं फिरवलं की ते मिटत नाही. हे कडं १९५५ साली आलं, त्याआधीचे ओपिनेल नुसतेच उघडायचे नि मिटायचे. पात्यावर मुकुट घातलेला हाताचा पंजा कोरलेला असतो. वजन पन्नास ग्रॅमसुद्धा भरत नाही.

मी विहिरींवरचे पंप बसवतो, दुरुस्त करतो. दिवसभरात काथ्या, सुतळी, टेप, पॅकिंगचं रबर, ताडपत्रीची कड असं काहीबाही कापावं लागतं. दुपारी त्याच चाकूने काकडी. (आधी धुतो. घरच्यांना खरं वाटत नाही.) मे महिन्यात ज्याच्याकडे काम, त्याच्याकडे फणस फोडायला बसवतात. तेव्हा पात्याला आधी खोबरेल चोपडायचं, नाहीतर चीक संध्याकाळपर्यंत सुटत नाही.

अडचण पावसाळ्याची. जून लागला की लाकूड फुगतं आणि पातं खाचेत असं रुततं की नखाने ओढून निघत नाही. शिवाय कैरी कापली की पातं काळं पडतं. स्टेनलेसचा घेऊ का? की मुठीला काही उपाय आहे?

फरसबी (डोंबिवली)

धागा वाचून पर्स उघडली. माझा व्हिक्टोरिनॉक्स कॅडेट, ८४ मिलिमीटरचा, ॲल्युमिनियमच्या रुपेरी पट्ट्यांचा. लाल प्लास्टिकवाला नव्हे. ट्रेनच्या दाराजवळ घामट हातात लाल प्लास्टिक निसटतं, याची पकड खरखरीत आहे.

काम काय? ६:१२ च्या लेडीज डब्यात बसायला मिळालं की फरसबीची टोकं आणि दोर काढायचे. आमच्या ग्रुपमध्ये एकजण मटार सोलते, एकजण मेथी निवडते. घरी पोचेपर्यंत अर्धी भाजी तयार. याच चाकूने ऑफिसातली पार्सलं, दहीहंडीला मुलाच्या गळ्यातल्या हाराचा दोरा आणि एकदा एका मुलीची दारात अडकलेली ओढणी. मेट्रोने जायचं असेल त्या दिवशी चाकू घरी, कारण तिथे बॅग मशीनमधून जाते आणि वाद घालायला मला वेळ नसतो. विमानात तर केबिन बॅगेत न्यायचाच नाही, चेक-इनमध्ये टाकायचा.

तुमचा काळा डाग म्हणजे गंज नव्हे हो. माझ्या सासूबाईंची विळी बघा, कच्ची केळी चिरून चिरून शाईसारखी झाली आहे, आणि धार अजून अशी की पातळ चकत्या पडतात. लाल-तांबडं दिसलं तर घाबरा. काळ्याला घाबरू नका.

ठिणगी

रामपुरी नाही का कुणाकडे? ह. घ्या.

फरसबी (डोंबिवली)

@ठिणगी, हलकेच घेतलं, पण मी वकिलाच्या ऑफिसात बसते म्हणून सांगते. शस्त्र नियमांत पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल तर ते धारदार शस्त्रांत धरतात, घरातली, शेतीची आणि कारखान्याच्या कामाची हत्यारं सोडून. आपले हे सगळे त्याच्या निम्म्यालासुद्धा पोचत नाहीत. मात्र सणासुदीला, निवडणुकीत पोलिसांचे जमावबंदी-शस्त्रबंदीचे आदेश निघतात, तेव्हा ‘माझा तर भाजीचा’ हे चौकीत समजावत बसावं लागू शकतं. रामपूरला म्हणे आता चौकातच वीस फुटी चाकू उभा केलाय. तो बघायला जा, खिशात नको.

डोळाकाडी (तासगाव)

फोटो टाकणार नाही, कारण माझ्या चाकूत बघण्यासारखं काही नाही. कलमाचा चाकू आहे. लाकडी मूठ, पितळी खिळे, पातं सरळ, टोक बोथट. आमच्याकडं द्राक्षबागेत फेब्रुवारी-मार्चला डॉगरिजचा खुंट (मुळांपुरतं लावलेलं जंगली जातीचं द्राक्ष) लावायचा आणि पाऊस ओसरता ओसरता, ऑगस्ट ते ऑक्टोबर, त्यावर पाचर कलम भरायचं. त्या दिवसांत हा चाकू झोपेतसुद्धा उशाला असतोय. बाकी वर्षभर शर्टाच्या खिशात.

इथं दोघांनीही धारेबद्दल लिहिलं, पण धार कोणत्या बाजूला आहे ते कोणी लिहिलं नाही. तुमच्या ओपिनेलला आणि ताईंच्या कॅडेटला दोन्ही बाजूंनी उतार आहे. कलमाच्या चाकूला एकाच बाजूनं. दुसरी बाजू आरशासारखी सपाट. का, तर सपाट बाजू काडीला टेकवून एका ओढीत कापलं की काप सरळ येतो. दोन्हीकडं उतार असेल तर पातं काडीत शिरताना बाहेर तरी पळतंय नाहीतर आत तरी घुसतंय, आणि कापाच्या पोटात खड्डा पडतो. त्या खड्ड्यात हवा राहिली की कलम मेलं.

पाचर अशी: दोन डोळ्यांची काडी घ्यायची, पेन्सिलीएवढी जाड. खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर तिरका काप. खुंटाला मधोमध तेवढीच चीर. काडी चिरेत बसवायची आणि निदान एका बाजूला तरी सालीला साल मिळवायची, कारण जोड धरतो तो सालीखालचा हिरवा पातळ थर, आतलं लाकूड नव्हे. मग प्लास्टिकची पट्टी ओढून बांधायची. नवा माणूस काडी खुंटाच्या बरोब्बर मध्ये ठेवतो, दिसायला छान, आणि साल दोन्हीकडं चुकते. खुंट काडीपेक्षा जाड असतो हे त्याच्या लक्षात येत नाही. काडी कडेला सरकवा की.

आमच्या टोळीत एकजण डावखुरा आहे. उजव्या हाताचा चाकू त्याच्या हातात दिला की सपाट बाजू उलटीकडं येते आणि चांगला कारागीर अडाण्यासारखा कापतो. त्याच्यासाठी डाव्या हाताचा शोधायला सांगलीपासून पुण्यापर्यंत दुकानं पालथी घातली. मिळेना. शेवटी एका लोहाराकडून दोन्ही बाजूंनी उताराचा एक चाकू घासून उलटा करून घेतला. परदेशी कंपन्या डाव्या हाताचे करतात, पण तेवढ्या पैशांत माझी अर्धी टोळी दिवसभर काम करते.

स्वच्छता सांगतो, कारण हौशी लोक इथंच ढिले असतात. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं. आजारी वेलीचा रस दुसऱ्या वेलीत नेणारा आपलाच चाकू असतो. पागोळी, तुमच्या रबराच्या आणि काकडीच्या चाकूबद्दल मी काही बोलत नाही.

स्टेनलेस की कार्बन? कार्बन. चकाकीसाठी नव्हे, बागेत बसून दगडावर चार ओढीत धार परत येते म्हणून. चांगलं स्टेनलेस धार जास्त धरतं असं म्हणतात, धरत असेल. मला दहा काड्यांनी एकदा दगडाला लावायची सवय आहे, मला लवकर लागणारी धार पाहिजे. एकतर्फी चाकूला धार लावताना उताराची बाजूच घासायची, सपाट बाजू शेवटी फक्त एकदा दगडावर झोपवून ओढायची, उलटलेली कोर निघण्यापुरती. दुकानातल्या चाकावर कधी देऊ नका. पातं तापून निळं पडलं की तिथली धार कायमची मऊ.

धुकेवाला (शेफील्ड)

गेली काही वर्षं इथल्या इस्पितळात नोकरी. चाकूंच्या गावात राहतो म्हटल्यावर रुमाल टाकून ठेवणं भाग होतं.

माझ्या खिशात लँबफूट आहे. कड एकदम सरळ, पाठ टोकाकडे उतरत आलेली. धनगरांनी मेंढ्यांचे खूर तासायला वापरायचं पातं. मी त्याने सफरचंद, दोरे आणि पाकिटं कापतो, शहरातल्या मेंढ्यांना माझी गरज पडलेली नाही. मूठ शिसवीची. याला कडं नाही, खटका नाही. पाठीत पट्टीची स्प्रिंग आहे, तिच्याच जोरावर पातं उघडं राहतं आणि दाबलं की मिटतं.

हे मी आवडीने घेतलं असं म्हणायला आवडलं असतं, पण अर्धं कारण कायदा. ब्रिटनमध्ये कारणाशिवाय बाळगायचा तर तो घडीचा हवा, धार ३ इंचांच्या आत हवी आणि पातं उघड्या स्थितीत अडकणारं नको. म्हणजे पागोळींचा आठ नंबर दोनदा नापास: धार लांब, वर कडं. तुम्ही इथे आलात तर तो स्वयंपाकघरातच ठेवावा लागेल.

गावाबद्दल थोडंसं. इथे ‘लिटल मेस्टर’ म्हणून स्वतंत्र कारागीर असायचे, एकेका खोलीत एकेकटे काम करणारे. त्यांतल्या अगदी शेवटच्यांपैकी स्टॅन शॉ २०२१ मध्ये गेले, वय ९४. स्प्रिंगच्या चाकूंचे सगळे भाग ते एकटे हाताने करत. आणि एक घरचं: आजोबांच्या फडताळात एक जुना, इथल्याच रॉजर्स कंपनीचा चाकू होता, पात्याच्या मुळाशी तारा आणि एक पसरट क्रॉस. ते चिन्ह या गावात १६८२ साली नोंदवलं गेलं. आजोबा त्याने सुपारी खरवडायचे आणि कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. तो आता आत्याकडे आहे, आणि तीही लावू देत नाही.

आता मुठीचा उपाय. साव्हॉयमध्ये यासाठी जुनी युक्ती आहे. कडं मोकळं करा, पातं मिटलेला चाकू हातात धरा आणि मुठीचं मागचं टोक टेबलावर किंवा दगडावर टपकन आपटा. पातं स्वतःच बोटभर बाहेर येतं. कायमचं करायचं तर उन्हाळ्यात, लाकूड पूर्ण सुकलेलं असताना, खाचेच्या दोन्ही भिंती बारीक सँडपेपर दुमडून किंचित घासा. मग मूठ जवसाच्या तेलात मुरवा आणि आठवडाभर सुकू द्या. सांध्यात व्हॅसलीन. खोबरेल तुमच्याकडे ठीक, इथे थंडीत पात्यावर मेणासारखं गोठतं, म्हणून मी शिलाई मशीनचं तेल लावतो, खाण्याचं कापण्याआधी पुसून.

पागोळी (चिपळूण)

आपटून पाहिलं, विहिरीच्या कठड्यावर. निघालं की! पंपमालक म्हणाला, आता पंपालाही तसंच आपटा.

स्टेनलेसचा विचार सोडला. सँडपेपर मेपर्यंत थांबेल, आत्ता लाकूड ओलं आहे. @डोळाकाडी, एक शंका: माझ्या ओपिनेलची एक बाजू घासून सपाट केली तर आंब्याची कलमं भरता येतील का? शेजारच्या बागेत पावसाळ्यात कोय कलमं (कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावरची) करतात आणि माणूस नेहमी कमी पडतो.

डोळाकाडी (तासगाव)

नका करू. त्याचं पातं पातळ आहे, एक बाजू सपाट करेपर्यंत पाठीकडं काही उरणार नाही. आणि टोक वर वळलेलं आहे, कलमाला सरळ धार लागते. दापोली-रत्नागिरीकडं रोपवाटिकांची सामानाची दुकानं आहेत, तिथं साधा कलमाचा चाकू मागा. घेताना सपाट बाजूवर काचेची पट्टी उभी ठेवून उजेडाकडं बघा. मधून उजेड दिसला तर दुसरा काढायला सांगा. आणि कोय कलमाला रोप कोवळं असतं, तांबूस पानांचं, तेव्हा जोर लावू नका, नुसतं ओढा. पहिली पाच-पंचवीस बागेतल्या फेकायच्या फांद्यांवर करा, मगच मालकाच्या रोपाला हात लावा.