रियाजाची सवय कशी लागली? नागपूरकर वादकांचे अनुभव

वर्गात समजलेले घरी हातात बसवताना प्रत्येक शिकणाऱ्याची अडचण वेगळी असते. आपण रोज किती वेळ बसता यापेक्षा बसल्यावर नेमके काय करता, हे येथे सविस्तर लिहावे, ही विनंती.

तबला, महाल

मी बेचाळिसाव्या वर्षी तबला शिकू लागलो. दुकान बंद करून रात्री तासभर बसायचे ठरवले होते, परंतु थकव्यामुळे आठवड्यातले चार दिवस ते राहूनच जात असे. गुरुजींनी वेळच बदलायला लावली: सकाळी दुकान उघडण्यापूर्वी 30 मिनिटे, आणि त्यांतली पहिली 10 मिनिटे लेहऱ्यावर, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या सुरावटीवर, फक्त तीनतालाचा ठेका (तालाचे मूळ बोल), तोही मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत. या लयीत तीनतालाचे 16 मात्रांचे एक आवर्तन (पूर्ण फेरी) 16 सेकंदांत होते, म्हणजे 10 मिनिटांत सुमारे 37 आवर्तने वाजतात. आणि दहाव्या मात्रेवरच्या 'तिं'ला डग्गा (डाव्या हाताचे वाद्य) मुका असायला हवा असताना त्याची आस, म्हणजे घुमणारा नाद, रेंगाळते आहे का, हे तेवढ्या संथपणातच कानाला कळते. त्यानंतर कायदा (ठरावीक बोलांची विस्तार करता येणारी रचना), ठाय म्हणजे संथ लयीत प्रत्येक अक्षर सुटे ऐकू आल्याखेरीज दुगुन, म्हणजे दुप्पट लय, घ्यायची नाही. पहिले दोन महिने मन रमत नव्हते, परंतु माझे 'तिरकिट' हे बोल स्वच्छ झाले ते त्याच काळात.

मे महिन्यात कूलर लावून रियाज करणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. दमट हवा थेट पुडीवर (तबल्याच्या चामड्यावर) आली की चामडे सैलावते आणि स्वर उतरतो, म्हणून मी तबला झोतापासून दूर ठेवतो.

सतार, धरमपेठ

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. आम्ही रविवारी तिला दोन तास बसवत असू. तारेने डाव्या हाताची बोटे इतकी दुखत, की पुढचे तीन दिवस ती सतारीजवळ जात नसे. आता शाळेपूर्वी 15 मिनिटे आणि संध्याकाळी 15 मिनिटे असे ठेवले आहे. बोटांना हळूहळू घट्टे पडले, दुखणे थांबले, आणि 'दा रा' हे तार छेडण्याचे बोल आता सम वजनाने वाजतात. मुलांना दामटून बसवू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

बासरी, प्रतापनगर

मी तंबोऱ्यावर सकाळी 10 मिनिटे केवळ षड्ज (सा) लावतो. डिसेंबरात बासरी गार असल्याने स्वर किंचित उतरलेला लागतो, म्हणून आधी फुंकून ती उबदार करून घेतो. येथील कोरड्या उन्हाळ्यात बांबूला तडा जाण्याची भीती असते. माझी एक बासरी अशीच गेली, तेव्हापासून मी आतून तेलाचा हलका हात फिरवतो.

संवादिनी, मानेवाडा

प्रवेशिका या संगीत परीक्षेच्या तयारीत मी संवादिनीवर (हार्मोनियमवर) प्रत्येक वेळी बंदिश आरंभापासून वाजवत असे आणि अंतऱ्यातल्या (बंदिशीच्या दुसऱ्या भागातल्या) त्याच तानेवर अडखळत असे, त्यामुळे सोपा भाग पक्का होत गेला आणि अवघड भाग तसाच राहिला. मोबाईलवर केलेले ध्वनिमुद्रण ऐकल्यावर ही गोष्ट ध्यानात आली. आता त्या तानेतल्या अडणाऱ्या चार मात्रांपासूनच बसतो. सलग पाच वेळा बिनचूक आल्या की अलीकडची ओळ जोडतो. डाव्या हाताने हलवायच्या भात्याकडे मात्र अजूनही दुर्लक्ष होते आणि तान चढताना आवाज तुटतो. डाव्या हाताचा वेगळा रियाज कोणी करत असल्यास कृपया लिहावे.