काठावरची साखर : तुमचा अनुभव लिहा

एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 5.7 ते 6.4 टक्क्यांच्या मध्ये आलं की डॉक्टर 'प्रीडायबेटिस' म्हणतात आणि घरचे म्हणतात, "चला, डायबेटिस नाही ना, झालं तर मग!" रिपोर्ट कपाटात जातो. धागा काढलाय तो याच टप्प्यासाठी. आयसीएमआर-इंडियाबची 2023 साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की देशात मधुमेही सुमारे 10 कोटी, तर काठावरचे 13 कोटींहून जास्त. आणि काठावरून मागे फिरता येतं. चेन्नईच्या अभ्यासात (2006) अशाच लोकांनी आहार आणि चालणं सांभाळलं, तर तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण 28 टक्क्यांनी घटलं.

तुमच्या घरात नेमकं काय बदललं, काय टिकलं ते लिहा. इथलं वाचून कुणी आपली गोळी मात्र परस्पर बंद करू नका.

नाशिक, वय 41
मी लहानपणापासून हडकुळा. त्यामुळे 6.1 आकडा बघून बायको म्हणाली, "लॅबवाल्यांनी रिपोर्ट बदललेत, परत करून घ्या." डॉक्टरांनी वजनकाट्याकडे पाहिलंच नाही, कमरेला टेप लावला. 94 सेंटिमीटर! आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 ही सीमा.

मग त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण दिलं. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून कसा असतो, ते मला तेव्हा कळलं. वजन कमी करण्याचा प्रश्नच नव्हता, स्नायू वाढवायचे होते. सकाळी बैठका आणि जोर, चहाबरोबरच्या खारीच्या जागी फुटाणे. वर्षाने 5.6 आलं. बारीक मंडळींनो, कृपा करून तपासून घ्या.

सांगली, वय 47
आमच्याकडे मामंजी काठावर, त्यांचे दोन भाऊ इन्सुलिनवर. भात कमी करा म्हटलं की मामंजी म्हणायचे, "भात नाही तर जेवलो कशाला म्हणायचं?" मग भात बंद केलाच नाही, वाढायचा क्रम बदलला. आधी कोशिंबीर आणि मटकीची किंवा मुगाची उसळ. ती वाटीभर खाऊन होईपर्यंत भाकरी तव्यावरच. मग एक भाकरी आणि शेवटी एकच डाव ताकभात. पोट भरत आलेलं असतं, दुसरा डाव आपोआप मागितला जात नाही. आता ते स्वतःच म्हणतात, "सूनबाई, उसळ आण आधी."

ज्वारी 'चालते' म्हणून तीन-तीन भाकऱ्या खाणारे मी पाहिलेत. पिष्ट ते पिष्टच, भाकरीतही मोजून खावं लागतं. गुळाच्या चहाचंही तेच, साखरेला पर्याय म्हणून गूळ घेण्यात काहीच मिळवलं नाही.

रात्री जेवणं झाली की मामंजी आणि सासूबाई शतपावलीला जातात. चालताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू इन्सुलिनची फारशी मदत न घेता रक्तातली साखर ओढून घेतात, असं आमच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. तेव्हापासून टीव्हीवरची मालिका त्यांच्या वेळेआड येत नाही.

बेळगाव, वय 33
गरोदरपणी 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घोळून प्यायला दिलं. घशाखाली उतरेना, शेवटी नर्सताईंनी लिंबू पिळून दिलं. दोन तासांनी साखर 158. 140 च्या आत हवी होती. बाळंतपणानंतर साखर नॉर्मल झाली आणि सगळ्यांनी विषय मिटला असं धरलं. तो मिटत नाही. बाळ दीड महिन्याचं झाल्यावर पुन्हा तपासणी हवी आणि पुढेही ठरावीक काळाने, कारण अशा बायकांना नंतर मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो. डिंकाचे लाडू करून पाठवणाऱ्या आत्याबाईंना हे प्रेमाने सांगा. माझ्या आत्याने पुढच्या खेपेला मेथीची भाजी पाठवली.

न्यू जर्सी, वय 55
इथे डॉक्टरांनी वर्षभराच्या वर्गाला पाठवलं. लक्ष्य दोनच : वजन सुमारे 5 ते 7 टक्के कमी आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम. हे अमेरिकेतल्या 2002 च्या मोठ्या अभ्यासातून आलंय. त्यात मधुमेहाचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं होतं, मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीने 31 टक्क्यांनी. मला उपयोग झाला तो रोज खाल्लेलं लिहून ठेवण्याचा. मंडळाच्या कार्यक्रमांत किती तळलेलं पोटात जातं, ते कागदावर उतरल्याशिवाय दिसत नव्हतं.

ठाणे, लॅबमध्ये काम करते
एकच सांगते. लोह कमी असल्याने रक्त कमी झालेलं असेल, तर एचबीएवनसी उगाच जास्त दिसू शकतं. सिकलसेलसारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारातही तो आकडा फसवतो. डॉक्टरांना हिमोग्लोबिनचा रिपोर्टही दाखवा. गरज वाटली तर ते उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर बघतात.

यवतमाळ, आशाताई
30 वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म आम्ही घरी येऊन भरतो, कंबर मोजतो, उपकेंद्रात बोटातून साखर तपासतात. पैसे लागत नाहीत. पुरुष एक वेळ येतात, बाया म्हणतात, "मला काय धाड भरली?" निंदणाच्या दिवसांत तर कुणी भेटतच नाही, म्हणून मी पहाटे चूल पेटायच्या वेळेला जाते. सासू तयार झाली की सून मागोमाग येते. शहरात राहणाऱ्यांनी गावी आईला फोन करून एवढं विचारा, की ताई आल्या तेव्हा तू घरी होतीस का.