‘पित्तच असेल’

मावशी, सकाळी ६:५०: ह्यांच्या पोटात पहाटेपासून दुखतंय. बेंबीच्या वर, बरगड्या मिळतात तिथे. पित्ताची गोळी दिली, दोन तास झाले तरी उतार नाही.

मामा: अक्का, पित्तच असेल गं. मला कायम होतं. अजून एक गोळी दे, बसेल तासाभरात.

ताई: मावशी, थांब. काकांना घाम आलाय का? दम लागतोय? कळ पाठीत, जबड्यात, हातात जातेय?

मावशी: घाम आला होता मघाशी. मळमळतंय. पाठीत उजवीकडे, खांद्याच्या फऱ्याखाली दुखतंय म्हणतात.

ताई: काकांना मधुमेह आहे. आत्ता निघा आणि पोहोचल्यावर आधी ईसीजी काढायला सांग. हृदयाच्या खालच्या भागाला झटका आला की कधी कधी नुसतं पोटच दुखतं. मधुमेहात छातीत काही जाणवेलच असं नाही. काकांना गाडी चालवू देऊ नकोस.

मामा: उगाच घाबरवू नकोस तिला.

ताई: मामा, ईसीजीला पाच मिनिटं लागतात. पित्त निघालं तर चांगलंच आहे.

दादा: मावशी, मी गाडी घेऊन येतोय. खाली थांबा.

मावशी, दुपारी १२:२०: ईसीजी नीट आहे. हृदयाची रक्ततपासणी दोनदा केली, तीही चांगली. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, सूजही आहे. ठेवून घेतलंय.

वहिनी: काकांना मागेही दोन-तीनदा रात्री असंच झालं होतं ना? जड जेवण झालं की?

ताई: हो, आणि दर वेळी आपण ‘पित्त झालं’ म्हणून सोडून दिलं. आपला घोळ या शब्दातच आहे. जळजळ होते ती जठरातल्या आम्लाने. खरं पित्त यकृतात तयार होतं आणि पित्ताशयात साठतं. तिथला खडा तोंडाशी अडकला की अर्धा तास ते काही तास सलग कळ येते. आम्लाच्या गोळीने ती जात नाही.

वहिनी: औषधाने विरघळत नाहीत का खडे?

ताई: बहुतेक नाही. त्रास देणारे असतील तर दुर्बिणीतून पित्ताशयच काढतात. नुसते खडे काढले तर पुन्हा होतात. लांबवणं मात्र बरं नाही. खडा नळीत उतरला तर कावीळ होते, थंडी वाजून ताप येतो. स्वादुपिंड सुजलं तर कळ आरपार पाठीत जाते आणि उलट्या थांबत नाहीत.

मामा: बरं झालं बाई, तू ऐकलं नाहीस माझं. पण मग माझं काय? माझी तर जळजळच आहे. रिकाम्या पोटी जास्त.

ताई: गुडघ्यासाठी वेदनाशामक रोज घेतोस ना?

मामा: वर्ष झालं.

ताई: मामा, अल्सरची दोन मोठी कारणं. एक या गोळ्या, दुसरं हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जिवाणू. मार्शल आणि वॉरन यांना त्याच शोधासाठी २००५ चं नोबेल मिळालं. जिवाणू असला तर साधारण १४ दिवसांच्या प्रतिजैविकांनी जातो, पण आधी तपासावं लागतं. वजन उतरलंय का? शौचाला काळं होतं का?

मामा: वजन नाही. शौचाला चार दिवस काळं होतंय. डांबरासारखं, चिकट.

ताई: लोहाची गोळी चालू आहे?

मामा: नाही.

ताई: मग ते रक्त असू शकतं. गुडघ्याची गोळी आता घेऊ नकोस. कपडे करून बस, एकटा निघू नकोस. मी येतेय, आपण आत्ताच जाऊ.