मदत हवी आहे: ओरांडा र्‍युकिनच्या मागे हात धुऊन लागलाय

मंडळी, दीडशे लिटरच्या टँकमध्ये तीन फॅन्सी गोल्डफिश आहेत: दोन ओरांडा, एक र्‍युकिन. गेल्या आठवड्यापासून लाल ओरांडा र्‍युकिनचा पिच्छाच सोडत नाही. सतत तिच्या शेपटीखाली तोंड खुपसून ढकलत राहतो. सकाळी जास्त, दुपारनंतर थोडा थंडावतो.

त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर पांढरे, खरखरीत ठिपके उठलेत. इक (माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) असता तर साखर भुरभुरल्यासारखे ठिपके अंगभर, शेपटीवरही दिसले असते ना? तसं काही नाही. शिवाय पठ्ठ्या खातोय दणकून. त्यामुळे हे नराचे विणीच्या काळातले ठिपके असावेत असा माझा अंदाज.

खरी काळजी र्‍युकिनची आहे. ती कोपऱ्यात तळाशी बसते, पाठीवरचा पर मिटलेला, शेपटीची कड एका जागी फाटलेली आणि तिथे बारीक लाल रेघ. दाणे टाकले की वर येते, पण दोन-चार टिपून परत खाली. खवले फुगलेले नाहीत, पोहताना तोल जात नाही. पाण्याच्या चाचणीत अमोनिया ० आणि नायट्राइट ०, नायट्रेट २०, तापमान २३ अंश.

ही नुसती दमलीय, की शेपटी सडायला लागलीय? ओरांड्याला जाळी लावून वेगळा करू का? की आजारी समजून हिलाच दुसऱ्या टाकीत हलवू? औषध आंधळेपणाने ओतायचं नाहीये. आणि दुसरा ओरांडा मात्र मख्खपणे खडे चघळत असतो, त्याला कशाचं काही नाही.